लडाखला निघताय? पहिले दोन दिवस नुसते बसा

गेल्या महिन्यात या सदरात एका वाचकाला उत्तर देताना मी ओझरतं लिहिलं होतं, की विमानाने लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस काही पाहायला जाऊ नका, शरीराला उंचीची सवय होऊ द्या. त्यावर बरीच पत्रं आली. काहींना पटलं, बऱ्याच जणांना नाही पटलं. म्हणून हा महिना सगळा लडाखलाच देते. मी २००१ मध्ये पहिल्यांदा लेहला गेले आणि त्यानंतर आठ-दहा जणांचे छोटे गट घेऊन जवळजवळ दर उन्हाळ्यात जात आले. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिते ते तिथल्या डॉक्टरांकडून शिकलेलं आणि माणसांच्या अंगावर पाहिलेलं आहे. तुमच्या तब्येतीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

प्रश्न : आम्ही दोघं, वय ५८ आणि ५४. यांना बीपीची गोळी चालू आहे, एरवी दोघंही ठणठणीत. सहा दिवसांची सहल ठरवली आहे. पहिल्या दिवशी लेहला उतरून दुपारी शांती स्तूप आणि राजवाडा, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला या खिंडीवरून नुब्रा खोऱ्यात, तिसऱ्या दिवशी तिथूनच पँगाँग तळ्याकाठी मुक्काम, चौथ्या दिवशी लेह, पाचव्या दिवशी संगम, सहाव्या दिवशी परत. पैसे भरले आहेत. ठीक आहे ना?

नाही, ठीक नाही. सहल कंपनीला फोन करा आणि दिवसांचा क्रम बदलून मागा. तेवढं करायला बहुतेक कंपन्या तयार होतात, कारण हॉटेलं तीच राहतात.

तुमच्या कार्यक्रमातल्या उंच्या मी कागदावर मांडून पाहिल्या. सकाळी तुम्ही सपाटीवरून विमानात बसणार आणि तासा-दीड तासात ३,५०० मीटरवरच्या लेहला उतरणार. चोवीस तास होतात न होतात तोच खारदुंग ला, म्हणजे ५,३५९ मीटर. (तिथल्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं वर्षानुवर्षं सगळ्यांनी फोटोत पाहिलं आहे, नंतरच्या मोजणीत ती उंची १७,५८२ फूट भरली. शरीराला दोन्ही आकडे सारखेच जड.) आणि तिसरी रात्र पँगाँगच्या काठी, ४,२०० मीटरच्याही वर. डोंगरात जाणारे लोक ३,००० मीटरच्या वर गेल्यावर एक साधा नियम पाळतात : झोपायची जागा एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. विमानाने आलात की हा नियम पहिल्याच तासाला मोडलेला असतो. त्याची भरपाई फक्त थांबून होते.

वर ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो, पण हवेतलं त्याचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, खारदुंग लावर निम्म्याच्या जरासा वर. म्हणून प्रत्येक श्वासात तेवढाच कमी ऑक्सिजन आत जातो. शरीर यावर उपाय करतं. श्वास जलद होतो, त्यामुळे रक्ताचा तोल बदलतो, मग मूत्रपिंडं जास्तीचा क्षार लघवीवाटे बाहेर टाकून तो तोल सावरतात. हे सगळं आपोआप होतं, पण त्याला दिवस लागतात. पैशाने किंवा जिद्दीने ते लवकर होत नाही, आणि धडधाकट, रोज पळणाऱ्या माणसाचंही लवकर होत नाही.

एक गोष्ट मी प्रत्येक गटाला विमानतळावरच सांगते. उतरल्यावर तुम्हाला छान वाटेल. ऊन स्वच्छ, हवा कोरडी, समोर डोंगर. वाटेल, मला तर काहीच होत नाही. त्रास सुरू होतो तो सहा ते बारा तासांनी, म्हणजे बरोबर संध्याकाळी किंवा रात्री. ज्यांनी दुपारी राजवाड्याच्या पायऱ्या चढलेल्या असतात ते रात्री डोकं धरून बसतात.

तर तुमचे सहा दिवस मी असे लावीन. पहिले दोन दिवस लेह. त्यात काय करायचं ते शेवटच्या पत्रात आहे. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या काठाने खाली जा : निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कारचा संगम, मग बासगो, लिकीर, आणि मुक्कामाला आलची. आलची साधारण ३,१०० मीटरवर आहे, लेहपेक्षा खाली, त्यामुळे त्या रात्री तुम्हाला पहिल्यांदा गाढ झोप लागेल. चौथ्या दिवशी लवकर निघून लेहमार्गे नुब्रा. दिवस लांब होईल, पण दिस्कीत आणि हुंदर हीसुद्धा आलचीच्याच उंचीची गावं आहेत. खारदुंग लावर फोटो काढा, पंधरा मिनिटांत गाडीत बसा, वर मॅगी खात तासभर रेंगाळू नका. पाचव्या दिवशी लेह, सहाव्या दिवशी विमान.

यात पँगाँग नाही. मला माहीत आहे की हे तुम्हाला लागेल. १३४ किलोमीटर लांब, खाऱ्या पाण्याचं, तासातासाला रंग बदलणारं ते तळं आहे, आणि मीसुद्धा दर वेळी तिथे गप्प होते. पण ते नीट पाहायला आणखी दोन दिवस हवेत. रजा वाढवता आली तर जरूर जा, आणि रात्री काठावरच्या तंबूत झोपण्यापेक्षा अलीकडच्या टांगत्से गावात झोपा. ते तळ्यापेक्षा बरंच खाली आहे.

बीपीची गोळी बंद करू नका. वर पोचल्यावर पहिले काही दिवस बीपी थोडं चढतं, त्यामुळे ते किती झालं तर काय करायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न : ताई, सासूबाईंनी सगळ्यांसाठी कापराच्या पुड्या शिवून ठेवल्या आहेत. हुंगल्यावर ऑक्सिजन वाढतो म्हणतात. खरं का? आणि ऑक्सिजनचे छोटे डबे न्यावेत का?

पुड्या न्या, सासूबाईंनी मायेने शिवल्या आहेत. पण कापराने ऑक्सिजन वाढत नाही. त्याच्या उग्र वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. माझी काळजी वेगळी आहे. पुडी हुंगून बरं वाटलं की माणूस आणखी वर जायला तयार होतो. डोकं दुखत असताना वर जायचं नाही, मग कापूर हुंगा नाहीतर लसणाचं सूप प्या.

डब्यातला ऑक्सिजन काही मिनिटं पुरतो. त्याने उंचीचा आजार जात नाही. गाडीत मोठा सिलिंडर असणं चांगलं, पण तो खाली उतरेपर्यंत वापरायचा. वरच टिकून राहण्यासाठी त्याचा आधार घ्यायचा नाही.

खरा उपयोग असलेलं औषध म्हणजे अ‍ॅसेटाझोलामाइड. दुकानात ते डायमॉक्स या नावाने मिळतं. शरीर जे काम तीन-चार दिवसांत करतं त्याला ते जरा वेग देतं. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघायच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, सोड्याची चव बिघडते. घाबरू नका, गोळी थांबवली की ते जातं. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी मात्र घेऊ नका, आणि पहिले दिवस दारूही नको. दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो.

लेहला सोनम नोरबू स्मृती रुग्णालय आहे. उन्हाळ्यात तिथे रोज पर्यटक येतात, डॉक्टरांना हा आजार तळहातासारखा माहीत आहे. शंका आली तर तिथे जायला लाजू नका.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, जिमला रोज जातो. तीन मित्र मनालीहून लेहला बाइकने जाणार आहोत. पहिला मुक्काम सरचूला, दुसरा लेहला. तुम्ही पन्नाशीतल्या लोकांना घाबरवता ते ठीक, पण आम्हालाही थांबावं लागेल का?

मित्रा, तुझं पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसले. याचं उत्तर मला एक प्रसंग सांगूनच द्यावं लागेल.

२००४ च्या जुलैत आम्ही आठ जण हाच बेत करून निघालो होतो. तेव्हा अटल बोगदा नव्हता. पहाटे मनाली सोडली, रोहतांग खिंड चढलो, मग बारालाचा नावाची खिंड ओलांडली आणि संध्याकाळी सरचूच्या तंबूंत पोचलो. बरोबर माझी नणंद होती, ४२ वर्षांची, आमच्यात सगळ्यांत काटक. तिचं डोकं दुपारपासून दुखत होतं. रात्री तिने जेवण टाकलं, दोनदा उलटी झाली. मी म्हटलं, दिवसभराच्या वळणांनी झालं असेल. रात्री अकराच्या सुमारास ती तंबूबाहेर जायला उठली आणि दारूड्यासारखी एका बाजूला झुकत चालू लागली. मी हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलली. मेंदूला सूज यायला लागल्याची ती खूण होती. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. मी एवढंच ओळखलं, की हे दमणं नाही.

अशा वेळी एकच उपचार खात्रीचा असतो, तो म्हणजे खाली उतरणं. आणि तिथे मला सरचूचा सापळा कळला. सरचू साधारण ४,२९० मीटरवर आहे. मनालीकडे परत जायचं तर ४,८९० मीटरचा बारालाचा चढून जावं लागतं. लेहकडे जायचं तर नकी ला आणि त्याच्याही पुढे ५,००० मीटरवरचा लाचुंग ला. उतरण्यासाठी आधी चढावं लागतं अशी ती जागा आहे. आमच्या ड्रायव्हरने जवळच्या लष्करी तळावर जाऊन मदत मागितली, त्या जवानांनी रात्रभर तिला ऑक्सिजन दिला आणि उजाडताच आम्ही तिला घेऊन बारालाचा ओलांडून केलाँगला उतरलो. केलाँग ३,०८० मीटरवर आहे. दुपारी तिथल्या रुग्णालयाच्या खाटेवर ती मला म्हणाली, "वहिनी, माझी चप्पल कुठंय?" ते ऐकून मी बाहेर जाऊन रडले. ती वाचली. पण त्या रात्री चूक माझी होती. दुपारी डोकं दुखतंय म्हणाली तेव्हाच मी तिला वर न्यायला नको होतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे. वयाचा आणि व्यायामाचा यात काही संबंध नाही. उलट तरुण मुलं जोरात चढतात आणि डोकं दुखलं तरी मित्रांना सांगत नाहीत, म्हणून त्यांची मला जास्त भीती वाटते. २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगपलीकडच्या लाहौल खोऱ्यात पोचायला वेळच लागेनासा झाला. रस्ता सोपा झाला, शरीर तेच राहिलं. आता लोक पूर्वीपेक्षा कमी तासांत सरचूला पोचतात.

माझं ऐकशील तर बाइक श्रीनगरकडून चढवा. ४३४ किलोमीटरचा तो रस्ता पायऱ्यापायऱ्यांनी वर नेतो. सोनमर्ग, मग ३,५२८ मीटरचा झोजी ला, मग झोपायला पुन्हा खाली, २,६७६ मीटरवर कारगिल. वाटेत द्रासचं युद्धस्मारक आहे, तिथे तासभर थांबा. दुसऱ्या दिवशी नमिका ला आणि फोटू ला करून लामायुरू किंवा आलची, तिसऱ्या दिवशी लेह. मग आठवडाभर लडाख फिरून मनालीच्या वाटेने उतरा. तोवर शरीर तयार झालेलं असतं, आणि त्या सगळ्या खिंडी तुम्हाला खरोखर पाहता येतील.

मनालीकडूनच जायचं असेल तर जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री काढा. पहाटे निघा, वाटेतल्या नाल्यांना दुपारनंतर वितळलेल्या बर्फाचं पाणी चढतं आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा तीन वाजता बाइक ओढून नेतो. टांडीच्या पंपावर टाकी भरा. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटीच तिथे लावलेली होती. आणि बाइक मनालीत भाड्याने घेणार असाल तर ती लेहपर्यंतच चालेल. पुढे नुब्रा-पँगाँगला बाहेरची भाड्याची गाडी स्थानिक संघटना जाऊ देत नाहीत, तिथे लेहचीच घ्यावी लागते. त्यांचं वर्षाचं उत्पन्न उन्हाळ्यातल्या चार-पाच महिन्यांत होतं, हे लक्षात घेतलं तर राग येणार नाही.

एक चाचणी तिघांनीही पाठ करा. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायचं. ज्याला जमत नाही त्याला त्याच क्षणी खाली न्यायचं, सकाळची वाट पाहायची नाही. तसंच बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, ओठ निळसर दिसले तर ते फुप्फुसात पाणी झाल्याचं लक्षण. त्यालाही खालीच. आणि डोकं दुखलं तर ते लपवणार नाही, असं तिघांनी एकमेकांना निघण्याआधी सांगा.

प्रश्न : हॉटेलऐवजी गावात होमस्टेला राहावं असं तुम्ही लिहिता. तिथे आम्हा शाकाहारी लोकांचं कसं होईल? आणि कोरडा संडास असतो म्हणतात, त्याची मला फार धास्ती आहे.

जेवणाचं निर्धास्त राहा. आदल्या दिवशी सांगितलं की झालं. कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे भाज्यांबरोबर शिजवून स्क्यू करतात, ते मांसाशिवायही तितकंच छान लागतं. थुकपा (नूडल्सचं सूप) मिळतो. सकाळी खंबीर, म्हणजे तिथली जाड भाजलेली भाकरी, आणि जर्दाळूचा जॅम. लोणी-मिठाचा गुरगुर चहा पहिल्या घोटाला विचित्र वाटेल. तो चहा आहे हे विसरून सूप म्हणून प्या. घरातल्या आजींना "आमाले" म्हणा. नावापुढे किंवा नात्यापुढे "ले" लावणं हे तिथलं आपल्या "जी"सारखं आहे. बसायला गालिचे, पुढ्यात कोरीवकाम केलेलं बुटकं मेज, भिंतभर फळ्यांवर लखलखीत तांब्या-पितळेची भांडी. लडाखी घराचं स्वयंपाकघर हीच त्यांची बैठकीची खोली. तिथे बसायला मिळणं हा मान आहे.

संडासाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्यामागे पाण्याची गोष्ट आहे. लेहला वर्षभरात सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या घाटमाथ्यावर जुलैतल्या एका दिवसात तेवढा पडून जातो. म्हणजे तिथली शेती पावसावर नाहीच. ती डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यावर आहे. ते पाणी पाटांनी खाली येतं आणि कोणाच्या शेताला कधी वळवायचं हे गावाने नेमलेला माणूस ठरवतो, त्याला चुरपोन म्हणतात. अडचण अशी, की पेरणीला पाणी लागतं एप्रिल-मेमध्ये, आणि वरचं बर्फ नीट वितळतं जूननंतर. यावर चेवांग नोरफेल या इंजिनिअरांनी उपाय काढला. हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी गावाच्या वरच्या सावलीच्या उतारावर बांध घालून अडवायचं आणि गोठू द्यायचं, म्हणजे वसंतात ते आधी वितळतं. कृत्रिम हिमनद्याच त्या. पुढे सोनम वांगचुक यांनी तेच पाणी उंच शंकूच्या आकारात गोठवायला सुरुवात केली, ते बर्फाचे स्तूप. एवढे कष्ट तिथे मूठभर पाण्यासाठी घेतात.

अशा देशात प्रत्येक वेळी बादलीभर पाणी ओतणारा संडास हा परकाच. त्यांचा संडास वरच्या मजल्यावर असतो : जमिनीत एक चौकोनी भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. झाल्यावर माती लोटायची. खाली त्याचं खत होतं आणि वसंतात शेतात जातं. वास येत नाही. हवा इतकी कोरडी आहे. बऱ्याच होमस्टेंमध्ये आता पाहुण्यांसाठी पाण्याचाही संडास असतो, तेव्हा धास्ती सोडा. पण मी तुम्हाला कळकळीने सांगते, एकदा कोरडा वापरून पाहा. २०११ च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या २ लाख ७४ हजार होती. अलीकडच्या काही वर्षांत त्याहून जास्त पर्यटक एका वर्षात येऊन जातात, आणि लेहची हॉटेलं त्यांच्यासाठी जमिनीतून पाणी उपसतात. रोज दोनदा शॉवर आणि रोज धुतलेल्या चादरी मागू नका. तिसऱ्या दिवशी अंघोळ केली तरी चालेल, त्या हवेत घाम येत नाही.

पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याऐवजी घरून आणलेली बाटली उकळलेल्या पाण्याने भरून घ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांविरुद्ध लेहच्या बायकांनी १९९० च्या दशकातच चळवळ उभी केली होती.

प्रश्न : मी निवृत्त चित्रकला शिक्षक. गोम्पा (बौद्ध मठ) खूप आहेत, पाय आता फार चालत नाहीत. एकच पाहायचा तर कोणता?

सर, आलची. हेमिस, ठिकसे, लामायुरू हे सगळे उंचावर आहेत, पायऱ्या चढाव्या लागतात. आलची सिंधूच्या काठी सपाटीवर, जर्दाळूच्या झाडांत आहे. बाहेरून साधी मातीची देवळं दिसतात. सुमत्सेक नावाच्या तीन मजली देवळात शिरलात की डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं थांबा. तीन कोनाड्यांत तीन उंच बोधिसत्त्व उभे आहेत, इतके उंच की त्यांची डोकी वरच्या मजल्यात जातात. आणि मग त्यांच्या धोतरांकडे बघा. अवलोकितेश्वराच्या धोतरावर काश्मीरमधली देवळं आणि राजवाडे चितारले आहेत, मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचं चरित्र, मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी सिद्ध. ही काश्मिरी शैली आहे, आठशेच्या वर वर्षांपूर्वीची. खुद्द काश्मीरमध्ये त्या काळची अशी चित्रं आता उरलेली नाहीत. आत फोटो काढू देत नाहीत, प्रकाशाने रंग जातात म्हणून. तुम्ही वही-पेन्सिल न्या. छोटी विजेरी मिळाली तर भिंतीवर थेट आणि सतत धरू नका.

देवळाला किंवा रस्त्यातल्या मणी भिंतीला (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, आपण प्रदक्षिणा घालतो तसंच. लामांचा फोटो घेण्याआधी विचारा. त्यांची प्रार्थना चालू असेल तर भिंतीशी बसून राहा.

थोडक्यात उत्तरं. दोन वर्षांच्या नातवाला नेऊ का, असं एका आजींनी विचारलंय. मी नेणार नाही. त्याला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. फोनबद्दल : बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं, तेही लेहबाहेर मधूनच. केव्हा जावं? मला सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सगळ्यांत आवडतो, पॉपलर पिवळे व्हायला लागतात आणि गर्दी ओसरते. परवान्यांचे आणि शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, निघण्याच्या आठवड्यात लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

प्रश्न : सगळं मान्य. पण इतका खर्च करून गेल्यावर दोन दिवस खोलीत बसून करायचं काय?

तुमच्याच प्रश्नासाठी हा सगळा अंक लिहिला असं समजा.

खोली चांगस्पाच्या बाजूला घ्या, जिथे अजून शेतं आहेत. पहिल्या दिवशी सकाळी पोचलात की अंगणात किंवा गच्चीवर खुर्ची टाका. टोपी घाला, ऊन फार कडक लागतं. थोडं थोडं पाणी पीत राहा. समोर सिंधूच्या पलीकडे स्तोकची रांग दिसते, त्यातलं सगळ्यांत उंच शिखर स्तोक कांगरी, ६,१५३ मीटर. तिच्यावरचा प्रकाश सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसा सरकतो ते पाहा. दुपारी बारालाच वारा सुटतो आणि पॉपलरची पानं उलटी होऊन चांदीसारखी दिसतात. घराशेजारून पाट वाहत असेल. कोणीतरी बाई फावडं घेऊन येईल, चार ढेकळं इकडची तिकडे करील आणि पाणी दुसऱ्या शेतात वळेल. दिवसा गाढ झोपू नका, पेंगलात तर चालेल. रात्री झोप तुटक लागेल, ते स्वाभाविक आहे.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखत नसेल तर दहा वाजता बाजारात जा, अगदी सावकाश. मुख्य रस्त्याच्या कडेला आसपासच्या गावांतल्या बायका ओळीने बसलेल्या असतात, पुढ्यात पालक, मुळा, सलगम आणि सुक्या जर्दाळूंचे ढीग. सुया चालू असतात, लोकर विणत विकतात. "जुले" म्हणा. नमस्कारालाही तेच, आभारालाही तेच, निरोपालाही तेच. जर्दाळू घ्या आणि बी फेकू नका. दगडाने फोडलं की आत बदामासारखा गर असतो, विकणाऱ्या आमाले फोडून दाखवतील. चव आधी जिभेवर पाहा, कडू लागला तर तो खाऊ नका. संध्याकाळी ऊन उतरलं की शेतांमधल्या वाटेने शंकर गोम्पापर्यंत चाला. वाट जवळजवळ सपाट आहे. कोणी मागून आलं तर पुढे जाऊ द्या. धाप लागली की थांबा, पाटाच्या कडेला बसा. पाण्यात हात घालून पाहा, ते आदल्या दिवशी बर्फ होतं.